सारखी वाटणी कोणाला परवडते?

आठजण जेवायला बसले, बिल आलं, कोणीतरी मोबाइलवर आठनं भागलं आणि ‘प्रत्येकी सोळाशे दहा’ असं जाहीर केलं. कोणी काही बोलत नाही. जो बोलेल तो चिक्कू ठरतो, म्हणून ही पद्धत वर्षानुवर्षं चालू आहे. मद्य असलेल्या टेबलावर तरी ती बंद व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. खाण्याचं बिल सगळ्यांत वाटावं, पिण्याचं पिणाऱ्यांत. आणि हे ऑर्डर देण्याआधी बोलून दाखवण्याची जबाबदारी जास्त खर्च करणाऱ्याची आहे.

वरच्या सोळाशे दहाची फोड करून बघू. पुण्या-ठाण्यातल्या मध्यम दर्जाच्या परमिट रूममध्ये आठ जणांचं खाणं ६,४०० रुपयांचं झालं. त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ३२०. चौघांनी मिळून ५,६०० रुपयांचं मद्य घेतलं. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, आणि महाराष्ट्रात परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावर तो नोव्हेंबर २०२३ पासून १० टक्के झाला. म्हणजे ५६०. एकूण १२,८८०, आणि आठनं भागल्यावर १,६१०. आता दोन भाग वेगळे करा. खाणं करासह ६,७२०, म्हणजे माणशी ८४०. मद्य करासह ६,१६०, म्हणजे पिणाऱ्याला १,५४०. लिंबूसोडा घेऊन बसलेल्या माणसाचा खरा वाटा ८४० होता आणि त्यानं १,६१० दिले. पिणाऱ्याचा वाटा २,३८० होता, तोही १,६१० देऊन सुटला. चार न पिणाऱ्यांनी मिळून ३,०८० रुपयांची दारू इतरांना पाजली, आणि तीही त्यांना कोणी न विचारता.

एखाद्या वेळी ७७० रुपये गेले तर काय बिघडलं, असं म्हणता येतं. पण शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर, ऑफिसची टीम, सोसायटीची भिशी अशा ठिकाणी माणसं तीच असतात आणि पिणारे-न पिणारेही तेच असतात. दर महिन्याला भेटणाऱ्या ग्रुपमध्ये त्या एका माणसाचे वर्षाला नऊ हजारांहून जास्त जातात. मग तो यायचं बंद करतो. ‘जमणार नाही रे, घरी काम आहे’ असं कळवतो. खरं कारण कोणाला कळत नाही, कारण ते उघड सांगण्याची सोयच त्या ग्रुपनं ठेवलेली नसते. पैशापेक्षा हे नुकसान मोठं आहे.

वेगळं करायला हिशोब फार करावा लागतो, ही सबब महाराष्ट्रात टिकत नाही. दोन वेगळे कर असल्यामुळे परमिट रूमच्या बिलात खाणं आणि मद्य हे वेगवेगळे भाग असतात. बऱ्याच हॉटेलांत तर फूड बिल आणि लिकर बिल असे दोन कागदच येतात. वाटणीची रेघ करखात्यानं आधीच मारून ठेवली आहे. आपण ती पुसून दोन आकडे एकत्र करतो आणि मग वेगळं करणं अवघड आहे म्हणतो. सोडा, कोला, बाटलीबंद पाणी आणि चखणा हे सगळं फूड बिलात येतं. व्हिस्कीत ओतलेला सोडा न पिणाऱ्यांच्या माथी बसतो हे खरं, पण ती रक्कम एवढी लहान असते की तिथं हात घालू नये.

सारख्या वाटणीनं आणखी एक गोष्ट होते: बिलच फुगतं. अर्थतज्ज्ञ उरी ग्नीझी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इस्रायलमध्ये सहा-सहा जणांचे गट खरोखरच्या रेस्टॉरंटमध्ये बसवून हे तपासलं; निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्याचं त्यानं भरायचं असताना माणशी सरासरी सुमारे ३७ शेकेलचं खाणं मागवलं गेलं. बिल सहांत सारखं वाटायचं आहे हे आधी सांगितल्यावर तेच सुमारे ५१ शेकेलवर गेलं. त्याहून बोलका भाग पुढचा आहे. कोणती पद्धत हवी, असं विचारल्यावर बहुसंख्य लोकांनी ज्याचं त्यानं भरण्याला कौल दिला. म्हणजे सारख्या वाटणीत माणसं जास्त मागवतात आणि ती पद्धत त्यांना मनातून नकोही असते. त्यात लबाडी नसते. तीनशेचा स्टार्टर आपल्याला साडेसदतीस रुपयांत पडणार असेल तर हात सैल होतोच. आणि शेजारच्यानं मागवला तर आपण का मागं राहायचं, हेही मनात येतंच.

दुसरं टोकही मला मान्य नाही. ‘मी दोनच रोट्या खाल्ल्या, तू तीन’ असा हिशोब जेवणाची चव घालवतो. पंजाबी पद्धतीचं जेवण टेबलाच्या मध्यावर येतं. दोन भाज्या, एक दाल, बास्केटमध्ये रोट्या, जिराराइस. कोणी किती वाढून घेतलं हे कोणालाच सांगता येणार नाही. जुन्या खानावळीत हा प्रश्नच नव्हता. काउंटरवर कुपन घ्यायचं, ताट यायचं, दर ताटामागे ठरलेला. आजही कोल्हापुरात तांबडा-पांढऱ्याची थाळी खाल्ली तर भागाकार करायला काही उरत नाही. वाद सुरू झाला तो मध्यावर येणाऱ्या वाट्या आणि पेग एकाच कागदावर आल्यापासून.

मग रेघ कुठे मारायची? जे मध्यावर येतं ते सगळ्यांचं, जे एकाच्याच पुढ्यात येतं ते त्याचं. आणि वेगळं केल्यानं माणशी शंभर-दीडशेपेक्षा कमी फरक पडणार असेल तर वेगळं करूच नये. शाकाहारी आणि मांसाहारी असा भेद साध्या हॉटेलात सहसा या मर्यादेत बसतो. पनीरचा स्टार्टर आणि चिकनचा स्टार्टर यांच्या किमती हल्ली जवळपासच असतात. मासळीची गोष्ट निराळी. मालवणी आणि गोवन हॉटेलांच्या मेन्यूत पापलेट, खेकडा, टायगर प्रॉन्स यांच्यापुढे आकडा नसतो, ‘एपीएस’ लिहिलेलं असतं, म्हणजे आकारानुसार किंमत. वेटर मासा आणून दाखवतो, सगळे ‘मस्त’ म्हणतात, आणि दर कोणी विचारत नाही. तळून आल्यावर तोच एक मासा बाकीच्या चार पदार्थांएवढा भरतो. एपीएस लिहिलेलं काहीही मागवण्याआधी किंमत मोठ्यानं विचारावी, टेबलावर सगळ्यांना ऐकू जाईल अशी. खाणारे किती ते तिथंच मोजावं आणि तेवढ्यांतच ती किंमत वाटावी. त्या टेबलावर श्रावण पाळणारा किंवा संकष्टीचा उपवास असलेला कोणी असेल तर त्याच्याकडून फक्त त्यानं घेतलेल्या ताकाचे-फ्रूट प्लेटचे पैसे घ्यावेत. तेही बाकीच्यांनी देऊन टाकले तर अधिक चांगलं.

या सगळ्याला वेळ एकच आहे, आणि ती बिल आल्यानंतरची नक्की नाही. ऑर्डर लिहिली जाते तेव्हा केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, निघते, ती किचनला आणि बारला वेगवेगळी जाते आणि टेबल नंबरावर चढते. सुरुवातीलाच कॅप्टनला, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वेटरला, ‘बारचं या चौघांचं वेगळं ठेवा’ किंवा ‘आमची दोन बिलं करा’ असं सांगितलं तर तो दोन नंबर उघडतो. त्याला काही त्रास नाही. बिल छापून झाल्यावर तेच सांगितलं की छापलेलं बिल रद्द करावं लागतं. त्यासाठी बहुतेक ठिकाणी मॅनेजर लागतो. मग कोणाची कोणती डिश हे एकेक विचारत बसायचं, तेही शनिवारी रात्री, बाहेर वेटिंगला माणसं उभी असताना. दोन किंवा तीन बिलं मागणं रास्त आहे. आठ माणसांची आठ बिलं मागू नयेत. जर्मनीत वेटर शेवटी ‘एकत्र की वेगळं’ असं स्वतःच विचारतो आणि प्रत्येकाचं त्यानं खाल्लेलं जागेवर बेरीज करून घेतो; तिथं राहिलेल्या मराठी माणसाला ते सोयीचं वाटतं यात नवल नाही. पण तिथं प्रत्येकाची प्लेट वेगळी असते. आपल्या मध्यावरच्या वाट्यांना ती रीत तशीच्या तशी लागू होत नाही.

आधी बोलायचं ते कोणी? इथं माझा आग्रह आहे. न पिणाऱ्यानं, कमी पगाराच्यानं, नव्यानं टीममध्ये आलेल्यानं हे बोलावं अशी अपेक्षा करणं चूक आहे, कारण त्याला त्याची किंमत मोजावी लागते. पहिला पेग मागवणाऱ्यानं ‘ड्रिंक्सचं आमचं आम्ही बघू’ एवढं म्हटलं की विषय संपला. टीम लीड असेल तर त्यानं, ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त कमावणारा असेल तर त्यानं. आणि बायका पीत नाहीत किंवा अमुक माणूस पितोच, असं गृहीत धरून नावं लिहू नयेत. कोण कशात आहे ते विचारावं.

खरं तर बोलणं त्याही आधी, हॉटेल ठरवताना व्हायला हवं. जो जागा सुचवतो त्यानं ‘माणशी साधारण आठशे ते हजार, ड्रिंक्स सोडून’ असा अंदाज ग्रुपवर टाकावा. मेन्यू नेटवर असतो, दोन मिनिटांचं काम आहे. ज्याला परवडणार नाही तो वेळेवर नाही म्हणू शकतो किंवा दुसरी जागा सुचवू शकतो. टेबलावर बसल्यावर त्याच्यापुढे सूप घेऊन पोट भरल्याचं सांगण्यापलीकडे काही उरत नाही.

कुटुंबं एकत्र जेवायला गेली की चूक दुसऱ्या जागी होते. वाटणी घरागणिक केली जाते. तीन जोडपी, त्यातल्या दोघांना प्रत्येकी एक दहा वर्षांचं मूल, आणि एक एकटा माणूस, बिल ९,०००. ‘चार घरं, प्रत्येकी २,२५०’ असं म्हटलं की एकट्यानं दोन माणसांचे पैसे दिले. माणसं मोजावीत. मोठ्याला एक वाटा, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धा, पाचाखालच्याला काही नाही. सात मोठी आणि दोन अर्धी म्हणजे आठ वाटे, एक वाटा १,१२५. मूल असलेल्या जोडप्याचे २,८१२ रुपये ५० पैसे, मूल नसलेल्यांचे २,२५०, एकट्याचे १,१२५. विधवा मावशी, लग्न न झालेला मित्र, नवरा परगावी असलेली वहिनी, यांच्यावर घरागणिक वाटणीचा भार दरवेळी पडतो आणि ही माणसं बोलत नाहीत. बारा वर्षांवरच्या मुलाला मात्र अर्ध्यात धरू नये; पंधरा वर्षांचा मुलगा किती खातो हे त्याच्या घरच्यांना चांगलं ठाऊक असतं.

कर आणि सवलतींच्या हिशोबात लोक अडखळतात, म्हणून एक पद्धत सांगतो. मेन्यूवरच्या किमतींची बेरीज करायची आणि शेवटी एका आकड्यानं गुणायचं. खाण्याला १.०५, परमिट रूममधल्या मद्याला १.१०. जिथं एका खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असतं अशा मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये खाण्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तिथं १.१८. कंपोझिशन, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर योजनेतल्या हॉटेलांना ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही आणि बिलावर तसं लिहावं लागतं. तिथं गुणायचं कशानंच नाही, आणि तरीही कर लावला असेल तर विचारायचं. खाण्यावर १० टक्के सवलत मिळाली असेल तर आधी ०.९ नं गुणून मग १.०५ नं, कारण कर सवलतीनंतरच्या रकमेवर लागतो. अशा सवलती अनेकदा मद्याला लागू नसतात. त्या खाणाऱ्यांतच राहिल्या पाहिजेत. सवलत कोणाच्याही कार्डामुळे किंवा ॲपमुळे मिळालेली असो, ती टेबलाची. कार्डावर नंतर मिळणारे पॉइंट मात्र ज्यानं पैसे पुढे केले त्याचे, कारण उशिरा येणाऱ्या पैशांची जोखीम त्यानं घेतलेली असते.

सर्व्हिस चार्ज हा यातला सगळ्यात दुर्लक्षित आकडा. बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला की त्यावरही ५ टक्के जीएसटी चढतो, म्हणजे गुणायचा आकडा १.०५ वरून १.१५५ वर जातो. आपल्या ६,४०० च्या खाण्यावर ६७२ रुपयांची भर. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला स्पष्ट केलं की हॉटेलानं हा आकार बिलात आपोआप लावू नये आणि ग्राहकावर सक्ती करू नये. हॉटेलमालकांच्या संघटनांनी त्याविरुद्ध केलेल्या याचिका दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला फेटाळल्या. त्यावर पुढे अपीलही झालं. हा आकार दिसला तर काढायला सांगता येतो, आणि ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आठ जणांच्या टेबलावर हे कोणीच करत नाही, कारण माणशी ८४ रुपयांसाठी कोण बोलणार. म्हणून बिल हातात आल्यावर पैसे भरणाऱ्यानं तीन गोष्टी बघाव्यात: मागवलेलं तेवढंच लागलंय का, सर्व्हिस चार्ज आहे का, आणि बाटलीबंद पाण्याच्या बाटल्या किती लावल्यात. चुका बहुतेक इथंच सापडतात.

टीप वाटणीत धरली नाही तर ती दिलीच जात नाही. पूर्वी उरलेले सुट्टे बडीशेपेच्या वाटीजवळ राहायचे. आता बिल क्यूआर कोडवर नेमक्या रकमेचं भरलं जातं आणि वेटरच्या हाती काहीच पडत नाही. सर्व्हिस चार्ज दिलेला नसेल तर एकूण बिलाच्या पाचेक टक्के टीप आधीच मिळवावी आणि मगच भागाकार करावा. ती सगळ्यांत सारखी, कारण धावपळ सगळ्यांसाठीच झालेली असते. आपल्या उदाहरणात ६४० रुपये टीप धरली तर माणशी ८० वाढतात. न पिणाऱ्याचे ९२०, पिणाऱ्याचे २,४६०. टीप शक्यतो रोख आणि थेट हातात द्यावी.

जेवण संपण्याआधी उठून जाणारा माणूस पाचशेची नोट ठेवून ‘कमी पडले तर सांगा’ म्हणतो. कमी पडतात, आणि कोणी सांगत नाही. त्यानं आपल्यापुरत्या मेन्यूवरच्या किमती आठवून खाण्यावर १० आणि मद्यावर १५ टक्के वाढवून ठेवावेत; कर आणि टीप दोन्ही त्यात बसतात. उशिरा आलेल्याला आधी संपलेल्या स्टार्टर्सचा भार देऊ नये. तो फक्त जेवला असेल तर जेवणाचंच घ्यावं.

पैसे भरताना एकानं सगळं भरावं आणि बाकीच्यांनी उठण्यापूर्वी त्याला यूपीआयनं द्यावेत. एक व्यावहारिक बदल अनेकांच्या अजून लक्षात नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसानं दुसऱ्याला यूपीआयवर पैशांची मागणी पाठवण्याची सोय फसवणुकीमुळे बंद झाली. त्यामुळे ‘रिक्वेस्ट टाकतो’ आता चालत नाही. भरणाऱ्यानं आपला क्यूआर कोड मोबाइलवर उघडून टेबलावर फिरवावा किंवा ग्रुपवर टाकावा. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर त्यातून दुकानदाराला पैसे देता येतात, मित्राला नाही. ज्याला त्या कार्डातूनच पैसे द्यायचे आहेत त्यानं बिल भरायला पुढे यावं. तळघरातल्या बारमध्ये नेटवर्क नसतं, तेव्हा त्याच रात्री बिलाचा फोटो आणि दोन ओळी पाठवाव्यात: ‘जेवण टीपसह ९२०. ड्रिंक्स असलेल्यांचे २,४६०. बिल सोबत.’ फोटो आवश्यक आहे. त्यानं विश्वास वाढतो आणि चूक असेल तर पकडली जाते. सहलीला गेल्यावर चार दिवसांत वीस बिलं होतात, तिथं स्प्लिटवाइजसारखं ॲप वापरावं. एका जेवणासाठी त्याची गरज नाही.

बोलावणं आणि ठरवणं यांत गल्लत झाली की मात्र कोणताच हिशोब कामी येत नाही. ‘माझ्या प्रमोशनची पार्टी, या’ म्हणणाऱ्यानं सगळं भरायचं असतं, आणि आपल्याकडे वाढदिवसाची पार्टी ज्याचा वाढदिवस त्याच्याकडून असते. ‘चला, शनिवारी बसू’ याचा अर्थ टीटीएमएम, तू तुझं मी माझं. यजमानाची मर्यादा असेल तर त्यानं ‘जेवण माझ्यातर्फे, ड्रिंक्स आपापली’ असं बोलावतानाच सांगावं. त्यात कमीपणा नाही. निरोपाच्या जेवणात निरोप घेणाऱ्याचा वाटा बाकीच्यांत वाटावा, आठ असतील तर सातनं भागावं. काका, मोठा भाऊ, जुने सर यांनी बिल हातात घेतलं तर एकदा ‘राहू द्या, आम्ही देतो’ म्हणावं, फार तर दुसऱ्यांदा, आणि मग देऊ द्यावं. काउंटरवर हात धरून ओढाओढ करण्यानं मान वाढत नाही आणि कॅशियरला मध्ये उभं राहावं लागतं. त्यांना परत द्यायचं असेल तर पुढच्या वेळी आपण बोलावून, आधी जाहीर करून द्यावं.

ज्यानं पैसे दिले नाहीत त्याला तीन दिवसांनी एकदा, खाजगी मेसेजवर आठवण करावी. ग्रुपवर नाव घेऊन नाही. विसरलेला आणि अडचणीत असलेला माणूस बाहेरून सारखाच दिसतो. आठवड्यानं दुसऱ्यांदा विचारावं. त्यानंतर विचारू नये, आणि पुढच्या भेटीत बसतानाच कॅप्टनला त्याचं बिल वेगळं ठेवायला सांगावं.